एकच गाणं, दोनदा: रॉकचं स्टुडिओ रेकॉर्डिंग आणि लाइव्ह कसं ऐकावं

रॉककडे नव्यानं वळलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: गाणं स्टुडिओतलं ऐकावं की लाइव्ह? यूट्यूबवर एकाच गाण्याचे डझनभर अवतार समोर येतात. मूळ कुठलं, चांगलं कुठलं, काही उमगत नाही. कोणी छातीठोकपणे सांगतं, खरा बँड स्टेजवरच कळतो. कोणी म्हणतं, लाइव्हमध्ये नुसता गोंगाट, रेकॉर्डसारखं वाजतच नाही. मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. स्टुडिओत गाणं बांधलं जातं. त्या बांधलेल्या गाण्याचं आज, या क्षणी काय करायचं हे स्टेजवर चार-पाच माणसं एकमेकांकडे बघत ठरवत असतात. लाइव्ह ऐकायचं ते हे ठरवणं ऐकण्यासाठी. आणि ते ऐकू यायचं तर बांधणी आधी पाठ हवी. म्हणून क्रमानं जाऊ.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग मांडला, आणि तोच राग मैफलीत हवा तेवढा फुलवला. तबकडी खोटी आणि मैफल खरी, असं आपल्या आजोबांच्या पिढीनं कधी मानलं नाही. दोन्हींवर सारखाच जीव टाकला. रॉक ऐकतानाही तोच कान लावायचा आहे.

पहिली पायरी: एक जोडी निवडा, आणि एकच

सुरुवातीला दहा बँड धरू नका. माझी शिफारस डीप पर्पलची. ‘मशीन हेड’ हा 1972 च्या मार्चमध्ये आलेला स्टुडिओ अल्बम आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम, अशी ही जोडी. माणसं तीच पाच: इयन गिलन गायक, रिची ब्लॅकमोर गिटारवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, रॉजर ग्लोव्हर बेसवर, इयन पेस ड्रम्सवर. ध्वनिमुद्रण करणारा इंजिनिअरही तोच, मार्टिन बर्च. दोन्ही रेकॉर्डिंगमधलं अंतर आठ-नऊ महिन्यांचं. लाइव्ह अल्बमवरच्या सातपैकी चार गाणी ‘मशीन हेड’मधली आहेत. म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी ठेवून फक्त स्टुडिओच्या जागी स्टेज आणलं तर काय होतं, हे तपासायची याहून स्वच्छ सोय मला तरी माहीत नाही.

गंमत अशी की ‘मशीन हेड’ स्टुडिओत झालाच नाही. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या कॅसिनोत तो करायचं ठरलं होतं. 4 डिसेंबर 1971 रोजी तिथे फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक) उडवली आणि कॅसिनो जळून गेला. शेजारच्या सरोवरावर पसरलेला तो धूर म्हणजेच याच अल्बममधलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणं. मग बँडनं एका नाट्यगृहात वाजवायला सुरुवात केली. रात्रीच्या आवाजानं शेजारपाजारचे वैतागले, पोलीस आले, आणि तिथूनही उचलबांगडी झाली. पण त्याआधी याच गाण्याच्या साथीचा ट्रॅक टेपवर उतरलेला होता. शेवटी हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये आवाज अडवायला गाद्या लावून बाकीचा अल्बम झाला. रेकॉर्डिंगची यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओत. केलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं म्हणजे खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जायचं. त्याचा एवढा कंटाळा येऊ लागला की त्यांनी ते ऐकायला जाणंच सोडून दिलं. अल्बममध्ये एक ताठ, एका दमात वाजवल्यासारखी ऊर्जा आहे, ती मला या अडचणीतूनच आलेली वाटते.

दुसरी पायरी: स्टुडिओतलं गाणं पाठ करा

पाठ म्हणजे शब्द नव्हेत, बांधणी. हेडफोन लावा आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ सुरू करा. आधी गिटार एकटी येते. ती चार स्वरांची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जगातल्या प्रत्येक नवशिक्यानं छळलेली आहे, तरी मूळ वाजवणं नीट ऐका. ब्लॅकमोर प्लेक्ट्रमनं (नखीनं) तारा छेडत नाही, बोटांनी एकदम दोन तारा उचलतो. त्यामुळे दोन्ही स्वर एका क्षणी सुटतात आणि रिफला तो ठाशीव आवाज येतो. मग हाय-हॅटची (ड्रम्समधल्या जोड-झांजेची) चिकचिक आणि ऑर्गन, मागून पूर्ण ड्रम्स आणि बेस. गाणं थरावर थर चढत उभं राहतं. पहिल्यांदा फक्त बेस ऐका. दुसऱ्यांदा फक्त ऑर्गन. जॉन लॉर्डनं हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्पमधून वाजवला, म्हणून तो चर्चमधल्यासारखा गोड न वाटता गुरगुरतो. पुष्कळांना तो पहिल्या ऐकण्यात दुसरी गिटारच वाटतो.

मग ‘हायवे स्टार’ लावा, आणि त्यातला गिटारचा सोलो. ब्लॅकमोरनं तो आयत्या वेळी सुचेल तसा वाजवलेला नाही, आधी बसून रचलेला आहे. शेवटाकडे बाखच्या रचनांची आठवण करून देणारी वेगवान स्वरांची जाळी येते, तिथे कान लावा: एकावर एक दोन गिटारी वाजताहेत. बँडमध्ये गिटारवाला एकच. पहिली गिटार टेपवर घेतली, ती ऐकत त्यानंच दुसरी वर चढवली. याला ओव्हरडब म्हणतात, आणि स्टुडिओची निम्मी जादू यातच आहे. इथे स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे स्टेजवर कोण वाजवणार? गाणं ऐकताना जिथे जिथे हा प्रश्न पडेल ती जागा लक्षात ठेवा. लाइव्ह ऐकताना नेमका तिथेच रस आहे.

गाण्याची लांबीही बघून ठेवा. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. हा आकडा पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी: आवाजाची पातळी सारखी करा, मग लाइव्ह लावा

ही बारीकशी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. आपल्या कानाला जो आवाज किंचित मोठा तो चांगला वाटतो. दोन रेकॉर्डिंगची तुलना करताना आधी दोन्हींचा व्हॉल्यूम हातानं जुळवा, नाहीतर तुम्ही संगीताऐवजी व्हॉल्यूमची तुलना करत बसाल. स्ट्रीमिंग ॲपवर आवृत्तीचं वर्षही तपासा. याच अल्बमची रिमास्टर केलेली, नव्यानं मिक्स केलेली रूपं आहेत, आणि त्यांत वाद्यांचं प्रमाण बदलतं.

आता ‘मेड इन जपान’. 15 आणि 16 ऑगस्टला ओसाका, 17 ला टोकियोचं बुडोकान, अशा तीन रात्रींतून ही गाणी निवडलेली आहेत. लाइव्ह अल्बमची हौस मुळात बँडला नव्हती, जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीनं आग्रह धरला म्हणून टेप चालू झाली.

पहिलं ‘हायवे स्टार’ पूर्ण ऐका, काही शोधू नका. दुसऱ्यांदा मात्र सोलोवर थांबा. दोन गिटारींची जागा आता एकट्या गिटारीला भरायची आहे. बेस आणि ऑर्गन खालून जोर लावतात, पेसचे ड्रम्स आणखी दाट होतात, आणि ब्लॅकमोर रचलेल्या वाटेवरून चालता चालता मधेच बाजूला होतो. पाठ केलेलं इथे कामी येतं. तो कुठे वळला हे तुम्हाला कळतं, आणि परत ठरलेल्या जागी उतरला की समेवर आल्याचा आनंद होतो. स्टुडिओतलं न ऐकता थेट इथे आलेल्याला हे सगळं नुसतं वेगवान वाजवणं वाटतं.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मध्ये याची दुसरी तऱ्हा आहे. गाणं मध्यावर थांबतं आणि गिटार आणि गळा यांचे चक्क सवाल-जवाब सुरू होतात. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गिलन तो जसाच्या तसा गळ्यातून काढतो. तुकडे अवघड होत जातात, वर चढत जातात, आणि अखेर गिलनची लांबलचक किंकाळी सगळं मिटवून टाकते. स्टुडिओतल्या गाण्यात यातलं काही नाही. दुसऱ्यानं काय टाकलंय हे ऐकल्याशिवाय पुढचा स्वर लावता येत नाही, म्हणून हे एकट्यानं थर चढवून करता येणारच नाही.

आणि ‘स्पेस ट्रकिन’. साडेचार मिनिटांचं गाणं इथे जवळपास वीस मिनिटांचं आहे, एलपीची एक अख्खी बाजू. मूळ गाणं सुरुवातीलाच आटोपतं. पुढचं सगळं लॉर्ड आणि ब्लॅकमोर यांचं भटकणं. मी इथे स्पष्टच सांगतो, नवख्यानं हे पहिल्याच आठवड्यात पूर्ण ऐकायचा हट्ट धरू नये. कंटाळा येतो, आणि तो तुमचा दोष नाही. काही जागा रेंगाळलेल्या आहेतच. निर्णय ऐकायचे म्हणजे चुकलेले, लांबलेले निर्णयही ऐकायचे.

चौथी पायरी: कान तयार झाल्यावर आणखी दोन जागा

‘लाइव्ह ॲट लीड्स’: द हू या बँडनं 14 फेब्रुवारी 1970 रोजी लीड्स विद्यापीठाच्या जेवणाच्या हॉलमध्ये केलेला कार्यक्रम. गायक सोडला तर वाद्यं फक्त तीन. पीट टाउनशेंड एकच गिटार घेऊन उभा, आणि तो सोलोकडे वळला की साथीची गिटार गायब. ती पोकळी जॉन एंटविसलचा बेस भरतो, म्हणून या अल्बमवर बेसकडे लक्ष ठेवा. 1965 चं ‘माय जनरेशन’ स्टुडिओत तीन मिनिटांच्या थोडं पुढे जातं. इथे ते पंधरा मिनिटांच्या आसपास आहे, आणि वाटेत त्यांच्या ‘टॉमी’ या रॉक ऑपेराचे तुकडे येऊन जातात. मूळ एलपीच्या लेबलवर लिहिलं होतं की कडकड असे आवाज येतात ते ठीक आहेत, दुरुस्त करू नका. सुरुवातीला सहाच गाण्यांची आवृत्ती ऐका. 1995 पासूनच्या वाढीव आवृत्त्या नंतर.

दुसरी जागा न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट. ऑलमन ब्रदर्स बँडचे मार्च 1971 मधले तिथले कार्यक्रम टॉम डाउड या निर्मात्यानं ध्वनिमुद्रित केले. ‘व्हिपिंग पोस्ट’ स्टुडिओत पाच मिनिटांचं, इथे तेवीस मिनिटांचं. सुरुवातीचा बेस ऐकताना टाळी देऊन मोजा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा मात्रांचं आवर्तन आहे. तालाचं अंग असलेल्या मराठी कानाला हे चटकन सापडतं, आणि एकदा सापडलं की दोन गिटारी, दोन ड्रमवादक आणि ऑर्गन त्यावर काय काय रचतात याचा आवाका कळतो. डीप पर्पलमध्ये चुरस ऐकू येते, इथे एकमेकांना वाट करून देणं. बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकल अपघातात गेला, वयाच्या 24 व्या वर्षी. या बँडचं मोठेपण स्टुडिओ अल्बमांवरून समजत नाही असं मला मनापासून वाटतं. फिलमोरची टेप नसती तर आज त्यांचं नाव कितीसं घेतलं गेलं असतं?

पाचवी पायरी: स्टेजवर न मावणारं संगीतही ऐका

नाहीतर लाइव्ह म्हणजेच अस्सल, असा ग्रह होऊन बसेल. बीटल्सचा शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. त्या काळी स्टेजवर वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर नव्हते, आणि हजारो पोरांच्या किंकाळ्यांपुढे त्यांचे अ‍ॅम्प तोकडे पडत. आपण काय वाजवतोय हे त्यांनाच ऐकू येईना. त्यांनी दौरे बंद केले, आणि पुढच्याच वर्षी चार ट्रॅकच्या यंत्रांवर घडवलेला ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आणला. स्टेजचा विचार मनातून काढून टाकल्यावर काय काय करता येतं, ते त्यात आहे.

क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (1975) घ्या. मधल्या ऑपेरासारख्या भागात तिघांचे गळे एकमेकांवर इतके थर चढवून घेतलेत की चौघांनी स्टेजवर तो उभा करणं अशक्य. ते सरळ त्या वेळी स्टेज सोडून जात, टेप वाजे, दिवे नाचत, आणि जड गिटारच्या भागाला चौघं पुन्हा अवतरत. यात फसवणूक नाही. ज्या गोष्टीचं घर स्टुडिओ आहे तिला त्यांनी स्टुडिओतच राहू दिलं.

उलटा प्रवासही होतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ 1973 मध्ये आला, पण त्यातलं संगीत ते 1972 च्या सुरुवातीपासून कार्यक्रमांत वाजवत होते. ‘हायवे स्टार’सुद्धा प्रवासात बसमध्ये सुचलं, त्याच रात्री स्टेजवर वाजलं आणि काही महिन्यांनी टेपवर गेलं. त्यामुळे ‘मूळ’ कुठलं हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

सहावी पायरी: लाइव्ह किती लाइव्ह, हे ओळखा

लाइव्ह अल्बमवर कार्यक्रमानंतर स्टुडिओत दुरुस्त्या करायची पद्धत जुनी आहे. ‘किस’चा 1975 चा ‘अलाइव्ह’ अशाच दुरुस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. थिन लिझीच्या 1978 च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दल निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँड यांचं किती भाग नंतर भरला यावर कधी एकमत झालं नाही. मला दोन्ही अल्बम आवडतात. पण तुम्ही निर्णय ऐकायला बसलात तर कुठला निर्णय स्टेजवरचा आणि कुठला नंतरचा हे कळायला हवं.

कानानं ओळखायची एक खूण सांगतो. स्टेजवर गायकाच्या माइकमध्ये मागचे ड्रम्सही शिरतात. गायक माइकपासून दूर झाला किंवा माइक वळवला की झांजांचा आवाज किंचित बदलतो, उघडतो किंवा मिटतो. गळा अगदी कोरा, कोरडा, आजूबाजूचं काहीही न लागलेला ऐकू आला, तर तो बंद खोलीत परत गायला असण्याची शक्यता बरीच. प्रेक्षकांचा आवाजही ऐका. खरी गर्दी गाण्याला प्रतिसाद देते, कुठे ओरडते, कुठे गप्प बसते. गाणंभर एकाच पातळीवर ‘हूऽऽ’ चालू असेल तर शंका घ्या.

लयही बोलते. स्टेजवर क्लिक ट्रॅक (कानात ठरलेल्या लयीची टिकटिक) न लावता वाजवणारा ड्रमवादक उत्साहाच्या भरात थोडा पुढे जातोच. पहिल्या आणि शेवटच्या कडव्याला पायानं ठेका धरून बघा. वाढलेली लय हा दोष समजू नका.

सातवी पायरी: प्रत्यक्ष जा

महाराष्ट्रात याची परंपरा आहे. मुंबईत 1980 मध्ये ‘द पोलीस’ हा बँड वाजवून गेला, आणि 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवानं रंगभवनात आपल्याकडच्या बँडना हक्काचं स्टेज दिलं. पुढे आवाजाच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद झाले. डीप पर्पल 1995 मध्ये मुंबईत आले, तेव्हा गिटार ब्लॅकमोरच्या जागी आलेल्या स्टीव्ह मोर्सच्या हातात होती. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण ‘बॉम्बे कॉलिंग’ नावानं निघालं आहे. ‘मेड इन जपान’ पाठ झालेल्यानं ते अवश्य बघावं, म्हणजे माणूस बदलला की त्याच गाण्यातले निर्णय कसे बदलतात ते दिसतं. पुण्यात 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज हा महोत्सव झाला. पण पहिला अनुभव मोठ्या मैदानापेक्षा शे-दोनशे माणसांच्या क्लबात घ्या. वादकांचे चेहरे दिसतात. बेसवाल्यानं ड्रमवाल्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या आवर्तनाला सगळे थांबले, हे डोळ्यांनी दिसणं फार मोलाचं आहे.

जाण्याआधी त्या बँडची दोन-तीन गाणी वरच्या पद्धतीनं पाठ करा. सगळी नकोत.

उभं कुठे राहायचं? स्पीकरच्या भिंतीसमोर तर मुळीच नको. हॉलच्या मागच्या बाजूला मध्यावर साउंडवाल्याचं मिक्सिंग टेबल असतं, त्याच्या जवळपास उभे राहा. तो माणूस त्याच जागेवरून ऐकून आवाज जुळवतोय, म्हणजे सगळ्यात समतोल आवाज तिथेच. मोठ्या मैदानात फार मागे गेलात तर एक गोष्ट जाणवेल: ड्रमवाल्याची काठी आधी पडते, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे शंभर मीटरवर सुमारे पाव ते तिसरा हिस्सा सेकंदाची तफावत पडते. तालात ऐकायची सवय असलेल्याला ती चांगलीच खटकते.

कानांची काळजी घ्या, याबाबत मी आग्रही आहे. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामाच्या जागी आरोग्य जपण्याचं बघणाऱ्या संस्थेच्या मापानं 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं, आणि रॉकचा कार्यक्रम ही पातळी सहज गाठतो. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते वरचे स्वर जास्त कापतात, म्हणून गाणं थोडं गुदमरल्यासारखं वाटतं. वरचेवर जाणार असाल तर वादक वापरतात ते सगळे स्वर सारखे कमी करणारे घ्या. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ते कानावर ताण पडल्याचं लक्षण आहे. दुसऱ्या दिवशी हेडफोनला हात लावू नका.

मोबाइलवर अख्खं गाणं घेऊ नका. एवढ्या आवाजात फोनच्या माइकमध्ये आवाज फाटतो, घरी ऐकताना नुसती खरखर उरते. त्यापेक्षा पाठ केलेल्या गाण्यात आज काय वेगळं झालं ते रात्रीच दोन ओळींत लिहून ठेवा: सोलो लांबला का, शेवट बदलला का, कोण कोणाकडे बघून थांबलं.

पुढची जोडी हवी असेल तर डायर स्ट्रेट्सचं ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’: 1978 च्या पहिल्या अल्बमवरचं पावणेसहा मिनिटांचं, आणि ‘अल्केमी’वरचं 1983 च्या लंडनमधल्या कार्यक्रमातलं, जवळपास अकरा मिनिटांचं. आधी छोटं.